डॉक्टर पूर्णवेळ हजर

३ जून, सोमवार. सकाळी ७.१०

नवी नोकरी, नवी वही. या वहीत फक्त खरं लिहायचं. जुन्या वहीतही हेच ठरलं होतं, पण ती दवाखान्याच्या सामानात कुठेतरी गेली.

दवाखाना बंद केल्याचं अजिबात दुःख नाही. एकतीस वर्षं चालवला. शेवटची दोन वर्षं पेशंट येत नव्हते, म्हणजे आसपासचे लोक बरे झाले होते. बायकोला हे सांगितलं तर ती हो ना म्हणाली आणि दूध बघायला उठली.

आजपासून मी स्कॅन सेंटरवर सुपरव्हायझिंग डॉक्टर. सीटी स्कॅनच्या वेळी काही पेशंटना शिरेतून कॉन्ट्रास्ट देतात, म्हणजे फोटोत आतलं सगळं उठून दिसतं. हजारात एखाद्याला ते सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, बीपी कोसळतं, आणि बघता बघता माणूस जातो. म्हणून नियम असा, की डॉक्टर हजर असल्याशिवाय कॉन्ट्रास्ट द्यायचं नाही. तो डॉक्टर म्हणजे मी. हजारातल्या त्या एकाचा जीव माझ्या हातात.

संकल्प: रोज वीस मिनिटं आधी पोचायचं. इमर्जन्सीची औषधं डोससकट पाठ करायची. दुपारी झोपायचं नाही.

३ जून. संध्याकाळी ७

पंचवीस मिनिटं उशीर झाला. बस वेळेवर आली, ही बसची चूक. मला ती उशिरा येण्याची सवय आहे.

स्टाफ बघून घेतला. सिस्टर पन्नाशीची, अंगाने काडी. बावीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत काढली म्हणे. असल्या बायका डॉक्टरांच्या डोक्यावर मिरे वाटतात, सांभाळून राहायला हवं. टेक्निशियन दिवसभरात चार वाक्यं बोलतो. त्याचं नाव मी मौनी ठेवलं. मॅनेजरबाई चुणचुणीत, पण वय लहान. वरच्या मजल्यावर डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, तिथल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई सिस्टरकडे चहाला येतात. कामं नसतील.

प्रत्येक पेशंटमागे एक फॉर्म असतो. खाली छापलंय: ‘कॉन्ट्रास्ट देताना व त्यानंतर तीस मिनिटे डॉक्टर पूर्णवेळ हजर.’ त्याखाली माझी सही. बारा पेशंट, बारा सह्या. पेशंटचं नाव मात्र मी वाचत नाही. डॉक्टरने आजार बघावा, नावात गुंतू नये.

दुपारी झोपलो नाही. डोळे मिटून विचार करत होतो.

६ जून, गुरुवार

मॅनेजरबाईंनी मॉक ड्रिल ठेवलं. म्हणजे खोटी खोटी इमर्जन्सी. टेबलावर पेशंट म्हणून उशी ठेवली. सिस्टरने घड्याळ लावलं आणि ओरडली, पेशंटचा घसा सुजतोय.

मी शांत राहिलो. अनुभवी माणूस घाई करत नाही. आधी चष्मा काढला, पुसला, लावला. लाल पेटी उघडली. अ‍ॅड्रेनलीन हे अशा वेळचं इंजेक्शन कुठलं ते मला ठाऊक होतं, पण अक्षरं फार बारीक छापतात हल्ली. अँप्यूल फोडताना काच अंगठ्यात गेली. सिस्टरने माझ्या अंगठ्याला पट्टी बांधली आणि म्हणाली, उशी गेली, डॉक्टर.

मी म्हटलं, खऱ्या पेशंटला चेहरा असतो, नाडी असते, उशीला काय असतं? मॅनेजरबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मौनीने महिन्यातलं पहिलं हसू हसून घेतलं.

संकल्प: रोज घरी एक अँप्यूल फोडून प्रॅक्टिस.

७ जून, शुक्रवार

अंगठा दुखतो. प्रॅक्टिस सोमवारपासून.

११ जून, मंगळवार. रात्री जेवणानंतर

बायकोच्या पोटाच्या सोनोग्राफीत लिव्हरवर एक सावली दिसली आहे. महिनाभर पोटात उजवीकडे दुखत होतं, मला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं म्हणे. असो. पोटाच्या डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट घालून सीटी करायला सांगितलाय. लगेच. ती सावली साधी गाठ आहे की वाईट काही, ते त्यातच कळेल.

मी म्हटलं, काळजी कसली, आमच्याच सेंटरवर करू, मी स्वतः उभा राहतो. ती स्वतःचे राखाडी मोजे रफू करत बसली होती, उजव्या पायाच्या टाचेला, आणि तेही निळ्या दोऱ्याने. मी म्हटलं, राखाडी मोज्याला निळं रफू, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, टाचेकडे कोण बघतंय.

झोपताना तिने विचारलं, फॉर्मवर पूर्वी कधी रिअ‍ॅक्शन आली होती का असं विचारतात का. मी म्हटलं, विचारतात, पण तुला कुठे आली होती?

हे लिहिताना आठवलं. अठरा वर्षांपूर्वी मी तिला दवाखान्यात एक इंजेक्शन दिलं होतं, त्यानंतर तिचं तोंड सुजलं, आवाज बसला. मधमाशी चावली असणार असं माझं निदान होतं. दवाखान्यात मधमाशी नव्हती, पण येऊन गेली असू शकते. मी पुस्तकात बघत होतो, तेवढ्यात कंपाउंडरने आगाऊपणा करून तिला टॅक्सीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. चार दिवस राहिली. उगाच.

१४ जून, शुक्रवार

बायको स्कॅनचं नाव काढत नाही. सुईला घाबरते. शिकलेल्या बायकांनी असं करावं याची कीव येते. आपण फार आग्रह करायचा नाही. माझ्यावर तिचा विश्वास आहे, एवढं पुरेसं आहे.

१७ जून, सोमवार. दुपारी ३.१५

एक उत्तम कल्पना. रोज बारा वेळा सहीसाठी मौनी माझ्या खोलीत येतो आणि विचारांत खंड पडतो. आज तीनशे फॉर्मच्या पॅडवर एकदम सह्या करून टाकल्या. आता मौनीने फक्त नाव आणि वेळ भरायची. तासाभरात तीनशे पेशंटची सुपरव्हिजन झाली. मोठ्या कंपन्यांत याला सिस्टिम म्हणतात.

सिस्टरने पॅड बघितला. म्हणाली, डॉक्टर, हे करू नका, जे झालंच नाही त्याच्यावर सही कसली. मी म्हटलं, जे होणारच आहे त्याच्यावर आहे. तिने पॅड उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. पटलं असणार.

१९ जून, बुधवार

सिस्टर सुधारतेय. आज दम्याचा एक पेशंट होता. तो यायच्या आधी तीच म्हणाली, डॉक्टर, तुम्ही दमलात, चहा घेऊन या बाहेरून, अर्धा तास निवांत बसा. बाहेर जाताना वरच्या भूलवाल्या बाई जिन्यावरून उतरताना दिसल्या. पुन्हा चहा! आल्यावर बघतो तर पेशंट झाला होता, सगळं सुरळीत. मी नसलो तरी माझा धाक असतो.

मागच्या गुरुवारीसुद्धा शेंगदाण्यांची अ‍ॅलर्जी असलेली मुलगी होती, तेव्हाही मला असंच बाहेर पाठवलं होतं. अवघड पेशंटच्या आधी मला विश्रांती मिळावी हे हिला कळतं. बाई अगदीच वाईट नाही.

२४ जून, सोमवार. संध्याकाळी ६.३०

आज तो दिवस आला. हजारातला एक.

रिटायर झालेला बसड्रायव्हर, धिप्पाड. काही पूर्वसूचना नव्हती, त्यामुळे मी सेंटरवरच होतो. कॉन्ट्रास्ट गेल्यावर सगळ्यांना अंग गरम झाल्यासारखं वाटतं, ते नेहमीचं आहे. पण हा खाजवायला लागला. मग खोकायला. मग त्याचे ओठ सुजले. मौनीने मला हाक मारली. म्हणजे त्याच्या दिवसाच्या चार वाक्यांतलं एक माझ्यासाठी खर्च झालं.

मी धावत गेलो. दारात उभं राहून परिस्थितीचा अंदाज घेतला. मी पाणी द्या असं स्पष्ट सांगितलं. तोवर सिस्टरने ड्रायव्हरच्या मांडीत पँटवरूनच इंजेक्शन दिलंसुद्धा, पाय वर केले, ऑक्सिजन लावला, आणि मौनीला वर पाठवून भूलवाल्या बाईंना बोलावलं. त्या बाई आल्या आणि मला बाजूला सरका म्हणाल्या. पेशंटची बायकोही तेच म्हणाली. मी सरकलो. भिंतीला टेकून खाली बसलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

दहा मिनिटांत ड्रायव्हर बोलायला लागला. त्याच्या बायकोने सिस्टरचे दोन्ही हात धरले आणि रडली. माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्हाला बरं वाटतंय ना काका?

रिपोर्टमध्ये लिहिलं: ‘ड्यूटीवरील डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली तातडीने उपचार.’ अक्षर थोडं वाकडं आलं, पण डॉक्टरचं अक्षर कोण वाचतं.

घरी बायकोला सविस्तर सांगितलं. कसा मी धावलो, कसं एका वाक्यात सगळ्यांना कामाला लावलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, ते वाक्य काय होतं. मी म्हटलं, तांत्रिक आहे, तुला कळणार नाही.

२६ जून, बुधवार

त्या ड्रायव्हरची बायको आमच्या हिच्या सकाळी फिरायच्या ग्रुपमध्ये आहे. आजच कळलं. ग्रुपमध्ये माझी चर्चा झाली म्हणे. काय चर्चा झाली ते ही सांगत नाही. तोंडावर स्तुती करू नये अशी हिची शिस्त आहे.

संध्याकाळी मुलीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते, आईशी रोज तासभर बोलते. आज दोघी आतल्या खोलीत दार लावून बोलत होत्या. दाराला कान लावणं मला पसंत नाही. स्पष्ट ऐकूही येत नाही.

१ जुलै, सोमवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मॅनेजरबाईंसमोर सिस्टर म्हणाली की ड्यूटीवरचा डॉक्टर दुपारी दोन तास खोलीत झोपलेला असतो, आणि आधी सह्या करून ठेवलेला पॅड ड्रॉवरमध्ये आहे. मग तिने मौनीकडे बघून विचारलं, खरं की नाही? मौनीने मान हलवली. हो म्हणून हलवली. त्याने बोलावं असं मला नेहमी वाटायचं, पण असं नाही.

रात्री तीन पानी तक्रार लिहिली. डॉक्टरांच्या अधिकारात ढवळाढवळ, परस्पर बाहेरची डॉक्टर बोलावणे, पेशंटना भावनिक करून स्वतःचे हात धरून घेणे. शेवटी लिहिलं, एकतर ती राहील किंवा मी. हे वाक्य फार चांगलं जमलं. बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, आणि ती गेली तर इमर्जन्सीत कोण बघणार? मी म्हटलं, मी. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बघायची तशी नाही, पण बघत राहिली.

संकल्प: मॅनेजरबाईंच्या समाधानासाठी नवीन पॅडवर एकदम सह्या करायच्या नाहीत. जुना पॅड संपवायला हरकत नाही.

५ जुलै, शुक्रवार

पोटाच्या डॉक्टरांचा फोन घरी आला. स्कॅन अजून का नाही केला म्हणून बायकोला ओरडले. सावली वाईट निघाली तर एकेक आठवडा महत्त्वाचा आहे म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, उद्या चल, मी उभा राहतो. ती म्हणाली, बघू.

दुसऱ्या सेंटरवर करायचं तर तिथे पंधरा दिवसांची वेटिंग आहे म्हणे. म्हणजे हिने चौकशी केली होती! मी घरात असताना! मनाला लागलं. तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या मनाचं सोडा, माझ्या पोटाचं बघतेय मी.

फार चिडचिडी झाली आहे. आजारामुळे असेल.

९ जुलै, मंगळवार. संध्याकाळी ५.४०

विजय!

मॅनेजरबाईंनी सांगितलं, कंपनी नवीन सेंटर उघडतेय, सिस्टरला सोमवार, पंधरा तारखेपासून तिकडे पाठवणार. तिकडे जास्त गरज आहे असं त्या म्हणाल्या, पण ते बोलायचं म्हणून. माझी तक्रार त्यांच्या टेबलावर होती, मी डोळ्यांनी पाहिली. वर चहाचा कप ठेवला होता, म्हणजे वाचायला काढली होती. इथे नवीन मुलगी येईल, नुकती पास झालेली. तिला मी माझ्या पद्धतीने घडवीन.

घरी पेढे वाटावेत अशा आवाजात सांगितलं: आता डोक्याची कटकट गेली, सोमवारनंतर खुशाल ये, सेंटरवर सगळं माझ्या हातात असेल. बायकोच्या हातातला पेला खाली पडला. आनंदाने असं होतं.

१० जुलै, बुधवार

सकाळी ही गच्चीत कोणाशी तरी फोनवर बोलत होती. मी गेल्यावर फोन ठेवला. सिस्टर हा शब्द ऐकल्यासारखा वाटला. मावसबहीण असेल.

११ जुलै, गुरुवार

एक सुखद गोष्ट नोंदवून ठेवतो. रात्री जेवताना बायको म्हणाली, तुमचे केस किती पांढरे झालेत. किती वर्षांनी तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं! म्हणाली, उद्या सेंटरसमोरच्या सलूनमध्ये जाऊन कलप लावून घ्या. घाईघाईत नको, चांगला तासभर बसा. साडेअकराला तिथे गर्दी नसते.

मी विचारलं, तुला कसं ठाऊक? ती म्हणाली, असंच, अंदाज.

माणसाच्या संसारात उशिरा का होईना एखादा वसंत येतो. उद्या काळे केस घेऊन घरी यायचं आणि तिला बाहेर जेवायला न्यायचं. स्कॅनचा विषय तेव्हाच काढू, गोडीगुलाबीने.

१२ जुलै, शुक्रवार. दुपारी १.२०

कलप उत्तम. सलूनवाला म्हणाला दहा वर्षांनी लहान दिसता. सव्वाअकराला निघालो, सिस्टर स्वतः दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, सावकाश या, डॉक्टर. जायच्या आधी तिला उपरती झाली असावी. मी मनातल्या मनात माफ केलं.

पावणेएकला परत आलो तर इथे गोंधळ. एका बाईला रिअ‍ॅक्शन आली होती. घसा सुजून निळी पडली होती म्हणे, दोनदा इंजेक्शन द्यावं लागलं. सिस्टर होती आणि भूलवाल्या बाई आधीपासून शेजारी येऊन बसलेल्या होत्या, म्हणून वाचली. मी मौनीला विचारलं, पेशंट कशी आहे. तो म्हणाला, ठीक. आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मला कलप शोभत नाही.

मी आत जाणारच होतो. सिस्टरने दार अर्धं लावून धरलं आणि म्हणाली, आता नको, डॉक्टर, तिला घाबरवू नका. मीही नेहमीसारखा वाद घातला नाही. कलप ओला होता, खांद्यावर टॉवेल होता, पेशंटसमोर बरं दिसलं नसतं. फटीतून फक्त पाय दिसले. ड्रिलमधली तीच उशी पायांखाली घेतली होती. राखाडी मोजे, उजव्या टाचेला निळं रफू. मनात आलं, चला, असं रफू करणाऱ्या आणखीही बायका आहेत, हिला सांगायला हवं.

बाईला अँब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात नेलं, एक रात्र लक्ष ठेवायला. मी इन्सिडेंट रिपोर्ट लिहायला बसलो. फॉर्म मौनीने भरून ठेवलाच होता, माझ्या जुन्या पॅडवरचा. डॉक्टर पूर्णवेळ हजर, खाली माझी सही. पॅडची सिस्टिम अशा वेळी उपयोगी पडते. मी फक्त एक ओळ घातली: ‘डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली अ‍ॅड्रेनलीन दोन वेळा.’ नाव वाचलं नाही.

दोन रिअ‍ॅक्शन, दोन्ही पेशंट वाचले. माझा रेकॉर्ड शंभर टक्के.

१२ जुलै. संध्याकाळी ७.३०

घराला कुलूप. बायकोचा फोन लागत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, सकाळी अकराला गेल्या, छोटी बॅग होती.

हॉटेलात टेबल सांगून ठेवलं आहे. दोघांचं.

१२ जुलै. रात्री ८.१०

मुलीचा फोन आला.

पुढचं उद्या लिहितो.

१४ जुलै, रविवार

काल हॉस्पिटलात गेलो. बायको बसली होती, घसा अजून बसलेला. मी काही बोलायच्या आत मुलगी मला बाहेर घेऊन गेली. तिने सगळं सांगितलं. आईने सिस्टरला फोन केला होता. ती जाण्याच्या आत स्कॅन करून घ्यायचा होता, आणि मी सेंटरवर नसताना. केसांचं सिस्टरने सुचवलं. अठरा वर्षांपूर्वीचं इंजेक्शनही आईने तिला सांगितलं होतं, म्हणून तिने आदल्या दिवशीपासून गोळ्या दिल्या आणि भूलवाल्या बाईंना शेजारी बसवून ठेवलं. तरीही एवढं झालं. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही आत असता तर आज आई नसती.

मी म्हटलं, असं कसं म्हणतेस, मी फटीतून पाहत होतो. तिने विचारलं, काय पाहिलंत? मी मोज्यांचं सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून तिथेच जिन्यावर बसली.

स्कॅनचा रिपोर्ट आला. सावली म्हणजे रक्तवाहिन्यांचा साधा गुंता, जन्मापासूनचा. काही धोका नाही. हे शुक्रवारी संध्याकाळीच कळलं होतं. सिस्टरला, मुलीला, फिरायच्या ग्रुपला. सलूनवाल्याने काल अभिनंदन केलं, तेव्हा मला कळलं.

मला आनंद झाला. खरंच झाला. घरी येऊन हिच्या पलंगावर बसून रडलो. उशीच्या अभ्र्याला कलप लागला.

१६ जुलै, मंगळवार

मॅनेजरबाईंनी बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक माझ्या सहीचा फॉर्म: डॉक्टर पूर्णवेळ हजर. दुसरी भूलवाल्या बाईंची नोंद: ड्यूटीवरचे डॉक्टर जागेवर दिसले नाहीत.

त्या म्हणाल्या, दोन्ही खरं असू शकत नाही. तुम्ही सलूनमध्ये होतात तर ही सही खोटी आहे, मला मेडिकल कौन्सिलला कळवावं लागेल, रजिस्ट्रेशन जाऊ शकतं. तुम्ही हजर होतात तर तसं लिहून द्या.

मी विचार केला. एकतीस वर्षांची डॉक्टरकी. हजर होतो, असं म्हणालो.

मग त्यांनी विचारलं, हजर होतात तर तुमची बायको गुदमरत असताना तुम्ही काय केलंत? मी म्हटलं, लक्ष ठेवलं. त्यांनी ते तसंच टाइप केलं: ‘डॉक्टर पूर्णवेळ हजर होते. पेशंट त्यांची पत्नी होती. त्यांनी कोणताही उपचार केला नाही.’ आणि पेन पुढे केलं.

सही केली. या वेळी आधी वाचून केली.

सिस्टरची बदली रद्द. मॅनेजरबाई म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही येऊ नका. निघताना मौनी दारात उभा होता. त्याने माझी छत्री दिली आणि म्हणाला, पॅडचे सात उरलेत, फाडून टाकू का? त्याचं ते सर्वांत लांब वाक्य.

१७ जुलै, बुधवार

सगळं शांतपणे पाहिलं तर तोटा काहीच नाही. रजिस्ट्रेशन शाबूत. बायकोचा रिपोर्ट चांगला. ती मुलीकडे आरामाला गेली आहे, चार-आठ दिवसांत येईल. तोवर घर लावायचं, अँप्यूलची प्रॅक्टिस करायची. आणि कोणी काहीही म्हणो, तिच्या कठीण वेळी मी तिच्याजवळ होतो हे आता लेखी आहे, माझ्या सहीने.

२५ जुलै, गुरुवार

आठ दिवस झाले. केसांच्या मुळाशी पांढरं दिसायला लागलं आहे. अँप्यूल अजून आणल्या नाहीत.

२८ जुलै, रविवार. सकाळी १०

मुलीचा फोन. मला वाटलं, गाडी कितीची ते सांगायला केला. म्हणाली, आईचे कपडे, औषधांचा डबा आणि कागदपत्रं न्यायला यायचंय. आई इथेच राहणार आहे.

मी म्हटलं, आईला दे फोन. मागे कुजबूज झाली. मुलगी म्हणाली, आई विचारतेय, तुम्ही घरी कधी नसता?

मी सांगितलं, आता नोकरी नाही, मी घरीच असतो. पूर्णवेळ.

तिकडे पुन्हा कुजबूज झाली. मग मुलगी म्हणाली, घरासमोर कुठे सलून आहे का?

आहे, म्हटलं. मंगळवारी साडेअकराला जातो. चांगला तासभर बसतो.